बुडायला काय, दगडही बुडतो!

इंदूरहून एका आजोबांचा मेल आला आहे. सुट्टीत आलेल्या नातीबरोबर त्यांनी रिमोटवर चालणारी पाणबुडी केली. धड म्हणजे पाण्याची दोन लिटरची बाटली, पोटात ६० मिलीची इंजेक्शनची सिरिंज, ती ओढायला-ढकलायला छोटी गिअर मोटर आणि जुन्या खेळण्यातल्या गाडीचा रिमोट. घरच्या टबात पाणबुडी शहाण्या बाळासारखी बुडली, वर आली, पुन्हा बुडली. मग ती सोसायटीच्या तरण तलावात नेली. तिथे दीड मीटर पाणी. खाली गेली ती गेलीच. सिरिंज पूर्ण रिकामी झालेली वरून दिसत होती, तरी ही तळाला बसून. शेवटी तलाव साफ करणाऱ्या दादांनी जाळीने वर काढली. "मोटर जास्त ताकदीची घ्यावी का?" असं आजोबा विचारतात.

नको, आजोबा. मोटरने तिचं काम चोख केलं. गडबड केली ती हवेने. आणि ही गडबड इतक्या जणांच्या पाणबुड्या गिळते की आजचं सगळं सदर तिलाच देऊन टाकू.

आधी थोडं गणित. पाणबुडी जेवढं पाणी बाजूला सारते, त्या पाण्यापेक्षा ती जड झाली की बुडते, हलकी असली की तरंगते. १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो. अडीच लिटर पाणी बाजूला सारणारी पाणबुडी साधारण अडीच किलोची हवी. तिला पाण्याबरोबर अगदी तोलून धरायचं आणि शेवटचे काही ग्रॅम इकडचे तिकडे करायचे, यासाठी पोटात बॅलास्ट टाकी असते. पाणी आत घेतलं की खाली, बाहेर टाकलं की वर.

इथपर्यंत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. म्हणूनच सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे असतं. किती आलं, किती गेलं. पण टाकीत पाणी शिरलं तेव्हा तिथे आधीपासून असलेली हवा कुठे गेली? ती बाहेर सुटली असेल, दाबली गेली असेल, नाहीतर दुसऱ्या कप्प्यात सरकली असेल. यातलं काय झालं, हे ज्याला सांगता येतं त्याची पाणबुडी घरी परत येते.

पाण्याचं आकारमान खोलीवर बदलत नाही, निदान आपल्या हिशेबात धरण्याइतकं तर नाहीच. हवेचं बदलतं. दाब वाढला की हवा आकसते, दाब दुप्पट झाला की ती निम्मी होते. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली हे मांडलं आणि आठवी-नववीच्या पुस्तकांतून आपण ते पाठ केलं. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार धरा. पाण्यात दर मीटरला त्यात जवळजवळ ०.१ बारची भर पडते.

घरात लहान मुलं असतील तर इथे थांबा आणि एक प्रयोग करा. प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ पाण्याने भरा. बॉलपेनच्या टोपणाला शेंड्याशी भोक असेल तर ते बुजवा. खालच्या बाजूला खेळायची क्ले थोडी थोडी लावत जा, टोपण जेमतेम तरंगेल इतकी. ते बाटलीत सोडून झाकण घट्ट लावा. आता बाटली दाबली की टोपण बुडतं, सोडली की वर येतं. टोपणाच्या आत बघा. बाटली दाबताना आतला हवेचा बुडबुडा लहान होताना दिसेल. आजोबांची पाणबुडी का बुडाली, त्याचं निम्मं उत्तर त्या बुडबुड्यात आहे.

समजा, तुमची बॅलास्ट टाकी खालून उघडी आहे आणि वर हवा सोडायचा व्हॉल्व्ह आहे. टाकी अर्धवट भरून पाणबुडी अगदी तोलली. आत १०० मिली हवा उरली. आता ती पाण्यात एक मीटर खाली सरकली. तुम्ही काहीच केलेलं नाही, पण हवा आकसून ९१ मिली झाली. मोकळ्या झालेल्या जागेत ९ मिली पाणी शिरलं. पाणबुडी ९ ग्रॅमने जड झाली, म्हणून आणखी खाली गेली. दोन मीटरवर हवा ८३ मिली. जितकी खाली तितकी जड, जितकी जड तितकी खाली. वर येतानाही तेच, फक्त उलट दिशेने. एकदा वर निघाली की हवा फुगत जाते आणि ती बुचासारखी पृष्ठभागावर उसळते. अशी पाणबुडी पाण्यात मध्येच स्थिर ठेवणं म्हणजे लाटणं उभं करून तोलण्यासारखं आहे.

खऱ्या पाणबुडीत हे दुखणं कसं टाळतात? तिच्या मुख्य बॅलास्ट टाक्या खालून उघड्याच असतात, पण त्या अर्धवट ठेवत नाहीत. पृष्ठभागावर हवेने भरलेल्या, पाण्याखाली पूर्ण पाण्याने भरलेल्या. बारीक तोल सांभाळायला वेगळ्या, बंद टाक्या असतात. विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा ही आपल्या नौदलाची जुनी पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तिकडे गेलात तर मुलांना आतून जरूर दाखवा. नळ, चाकं आणि व्हॉल्व्ह यांची गर्दी बघितली की पाणबुडीत हवेची आणि पाण्याची ने-आण हाच केवढा मोठा संसार आहे, ते कळतं.

आता आजोबांच्या बाटलीकडे येऊ. त्यांनी मेलमध्ये आणखी एक गोष्ट लिहिली आहे. सुरुवातीला पाणबुडी टबात बुडतच नव्हती, म्हणून त्यांनी आत लोखंडी नट वाढवले. सगळी मेख इथेच आहे. सिरिंजने पाणी आत ओढलं तेव्हा दट्ट्या बाटलीच्या पोटात सरकला. आतली हवा दाबली गेली. बाटली मऊ, ती किंचित फुगली. फुगली म्हणजे तिने जास्त पाणी बाजूला सारलं. सिरिंजने मिळवलेलं वजन फुगवट्याने खाल्लं, म्हणून पाणबुडी बुडेना. मग नट आले. नटांनी ती बुडाली खरी, पण वर यायची जी शिल्लक होती, तीही त्यांनी संपवली.

मग तलाव. दीड मीटरवर बाहेरून ०.१५ बार जादा दाब. बाटलीत मोकळी हवा दीड लिटर असेल आणि बाटली अगदी पिशवीसारखी मऊ असती, तर ती हवा जवळजवळ २०० मिलीने आकसली असती. बाटली तितकी मऊ नसते. पण निम्मं धरलं तरी १०० मिली, म्हणजे १०० ग्रॅमची तरंगशक्ती गेली. सिरिंज पूर्ण रिकामी करून परत मिळणार ६० ग्रॅम. दुप्पट ताकदीची मोटर लावली असती तरी सिरिंज ६० मिलीचीच राहिली असती.

उपाय म्हणजे धड कडक हवं. नळकामाच्या दुकानात मिळणारा ९० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि दोन्ही बाजूंना टोपणं. एक टोपण कायमचं चिकटवा, दुसरं ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीस लावून उघडझाक करता येईल असं ठेवा. दोन-तीन मीटर खोलीला असा पाइप जाणवण्याइतका दबत नाही. त्यात एकच भोक अगदी बारीक, स्क्रूने बंद होणारं, मुद्दाम ठेवा. ते कशाला, ते पुढे सांगतो.

कडक धडात सिरिंज किंवा तिचा मोठा भाऊ, म्हणजे पिस्टनची टाकी, फार गुणी वागते. पिस्टनच्या पुढे फक्त पाणी असतं, हवेचा बुडबुडा नसतो. त्यामुळे टाकी चतुर्थांश भरा, अर्धी भरा, खोली बदलली तरी पाणबुडीचं वजन आणि आकारमान तेच राहतं. नवशिक्यांना मी हीच पद्धत सुचवतो. मात्र इथे हवेचा प्रश्न सुटत नाही, पिस्टनच्या मागे जाऊन बसतो.

आकडे बघा. टाकी ५०० मिलीची आणि धडात मोकळी हवा दीड लिटर. टाकी भरताना पिस्टन आत सरकला की त्या दीड लिटर हवेला एका लिटरमध्ये बसावं लागतं. दाब दीडपट, म्हणजे ०.५ बार जास्त. पिस्टनचा व्यास ६ सेंटिमीटर असेल तर त्याच्यावर जवळजवळ १४ किलोचा जोर येतो. मोटर कण्हते, बॅटरी बसते, रिसीव्हरला वीज अपुरी पडते, आणि हे सगळं नेमकं पाण्याखाली गेल्यावर. आता तीच टाकी, पण धडात मोकळी हवा चार लिटर. दाब फक्त ०.१४ बारने वाढतो आणि जोर येतो ४ किलोचा. तेव्हा बॅटऱ्या, वायरी, शिसं यांनी धड ठासून भरू नका. रिकामी वाटणारी जागा वाया गेलेली नसते, तिथे हवेला अंग चोरायला जागा मिळते. (मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.)

इथे हौशी लोक एक चूक हमखास करतात. कलवरी वर्गाची पाणबुडी साठाव्या हिश्श्याने लहान करायला घेतात. मुंबईत माझगाव डॉकला बांधलेली ही पाणबुडी साडेसदुसष्ट मीटर लांब, म्हणजे मॉडेल सव्वा मीटरच्या आतच. सगळं साठाव्या हिश्श्याने बेतशीर लहान होतं, पण भोवतालच्या हवेचा दाब लहान होत नाही. तो १ बारच राहतो. म्हणून खऱ्या पाणबुडीचा नकाशा बघून टाकीची पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही.

आता त्या बारीक भोकाबद्दल. धड बंद करताना टाकी रिकामी ठेवायची की भरलेली? रिकामी. कारण पुढे पाणी भरलं की धडातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो. एखादी फट राहिली असेल तर आतून बुडबुडे बाहेर येतील आणि तुम्हाला दिसतील. टाकी भरलेली ठेवून धड बंद केलं तर ती रिकामी करताना आत दाब कमी होतो, आणि तीच फट गुपचूप पाणी ओढून घेते. शिवाय टोपण दाबून बसवताना आपण नकळत आत हवा कोंडतो. बारीक भोक उघडं ठेवून टोपण बसवायचं आणि मग स्क्रू लावायचा, म्हणजे दर वेळी सुरुवात एकाच दाबाने होते.

उन्हाचंही एक. नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांत बंद केलेलं धड २५ अंशांच्या गार पाण्यात टाकलं, तर आतल्या हवेचा दाब शेकडा पाचने उतरतो. हा ०.०५ बार म्हणजे अर्धा मीटर पाण्याइतका फरक. फटीतून पाणी ओढायला तेवढा पुरतो. धड आधी दहा मिनिटं पाण्यात गार करा, मग भोकाची बाजू पाण्याबाहेर धरून, पुसून, स्क्रू लावा.

पंपवाल्यांची तऱ्हा निराळी. त्यांची टाकी वरून-खालून बंद असते. पंप बाहेरचं पाणी आत कोंबतो आणि टाकीतली हवा तिथेच दाबली जाते. ६०० मिलीच्या टाकीत ३०० मिली पाणी गेलं की हवा निम्म्या जागेत आली, दाब १ बारने वाढला. इथे दाबावर चालणारा एक स्विच लावतात, ठरलेला दाब आला की तो पंप बंद करतो. किती पाणी भरलं हे मोजायची गरजच नाही, दाबच ते सांगतो. वर यायचं झालं की व्हॉल्व्ह उघडायचा. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पाणी बाहेर ढकलते, पंप लागत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते ती एका कारणासाठी. व्हॉल्व्ह असा निवडता येतो, की वीज असेपर्यंत बंद आणि वीज गेली की आपोआप उघडा. बॅटरी मेली तरी पाणबुडी वर.

पण दोन मीटर खोलीवर बाहेरून ०.२ बार दाब उलटा रेटत असतो. त्यामुळे ३०० पैकी साधारण २०० मिली पाणी लगेच बाहेर जातं, उरलेलं ती वर येत जाईल तसं. म्हणजे त्या पहिल्या २०० ग्रॅममध्ये ती तळ सोडेल इतकी शिल्लक हवीच. पाण्याचं तोंडही टाकीच्या अगदी तळाशी हवं. पाणबुडी तिरकी झाली आणि तोंडापाशी पाण्याऐवजी हवा आली, तर तुमची स्प्रिंग बुडबुडे होऊन निघून जाते. ही टाकी पीव्हीसी पाइपची मात्र करू नका. हवा दाबून भरलेला पीव्हीसी फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात. थंड पेयाची जाड बाटली त्या मानाने बरी.

तिसरी पद्धत आहे डब्यातल्या द्रवरूप गॅसची. व्हॉल्व्ह उघडला की गॅस टाकीत शिरून पाणी हाकलतो. परदेशातल्या जुन्या मॉडेलवाल्यांची ही आवडती. आपल्याकडे कोणाच्या डोक्यात लायटरचा गॅस भरायची कल्पना आली, तर ती तिथेच थांबवा. बंद धड, ठिणग्या पडणारी मोटर आणि पेटणारा गॅस, पुढचं सांगायला नको. न पेटणारा गॅस असला तरी एक अडचण राहते. द्रवाचा गॅस होताना आणि दाबलेला वायू अरुंद वाटेने सुटताना गारठा पडतो, आणि ओलावा असेल तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो.

हे केवळ खेळण्यातलं दुखणं नाही. १० एप्रिल १९६३ ला अमेरिकेची थ्रेशर ही अणुपाणबुडी अटलांटिक महासागरात चाचणीच्या वेळी बुडाली. १२९ माणसं गेली. संकटात तिने टाक्यांमधलं पाणी हवेने हाकलायचा प्रयत्न केला होता, पण तो पुरा पडला नाही. नंतर तिच्यासारख्याच टिनोसा या पाणबुडीवर धक्क्याला लावून चाचणी घेतली, तेव्हा दाबलेल्या हवेतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन जाळ्या तुंबल्या आणि हवा थांबली. त्या अपघातानंतर अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांच्या सुरक्षिततेचे नियम मुळापासून बदलले. टाकीत हवा आहे आणि ती वेळेवर पोहोचणार आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रिमोटबद्दल थोडक्यात. हल्लीचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट पाण्याखाली कामाचे नाहीत, त्यांच्या लहरी पाणी लगेच शोषून घेतं. आजोबांनी वापरला तसा जुना २७ मेगाहर्ट्झचा रिमोट गोड्या पाण्यात चालतो, खाऱ्या पाण्यात तोही हात टेकतो. सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरायला लागली, की टाकी आपोआप रिकामी होईल अशी सोय रिसीव्हरमध्ये हवीच. पिस्टनच्या टाकीत आट्यांचा दांडा मोटरशिवाय जागचा हलत नाही, म्हणून बॅटरी पूर्ण मरायच्या आत हे घडावं लागतं.

आणि पाण्यात सोडण्याआधी पंक्चरवाल्याकडून शिका. तो ट्यूबमध्ये हवा भरतो, घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे बघतो. तुम्हीही त्या बारीक भोकातून सायकलच्या पंपाने धडात अगदी थोडी हवा भरा, ०.२ बार पुरे. गेजवर साधारण ३ पीएसआय. त्याहून जास्त नको, टोपण बंदुकीच्या गोळीसारखं उडतं, म्हणून तोंड त्याच्या समोर नको. मग धड बादलीत पूर्ण बुडवून पाच मिनिटं बघत बसा. दांड्याच्या जागी, टोपणाच्या कडेला, वायर बाहेर येते तिथे. एका जागी दर मिनिटाला एक बुडबुडा आला तरी तो शोधून काढा.

पहिल्या खेपेला शेपटीला मासेमारीची नायलॉनची दोरी बांधा, दुसऱ्या टोकाला थर्मोकोलचा तुकडा. पाणबुडी अडकली तर दोरीने ओढायची. त्यासाठी कोणीही पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. विहीर आणि खाण तर नकोच, पण शेततळंही नको. त्याचा प्लॅस्टिकचा उतार इतका निसरडा असतो की आत गेलेल्याला बाहेर येता येत नाही. पाणबुडी दोन-तीन हजारांची असेल, पुन्हा करता येईल.

खेळ संपला, पाणबुडी हातात आली, की टोपण ओढायची घाई करू नका. आधी टाकी पूर्ण रिकामी करा, मग बारीक स्क्रू हळूहळू सैल करा. आतून सुर्रकन हवा बाहेर आली तर धड कोरडं असण्याची आशा आहे. हवा उलटी आत ओढली गेली तर टोपण काढताच आधी तळाला बोट लावून बघा, पाण्याचा थेंब तिथेच सापडेल.